सायकल ट्रॅकचे उपकार

पुण्यातल्या सायकल ट्रॅकला नावं ठेवणारे लोक सायकल चालवतात, हीच मुळात अडचण आहे. सार्वजनिक पैशातून झालेली सोय एकाच गटाने का वापरावी? हा कोतेपणा महापालिकेने कधी केला नाही. जंगली महाराज रस्त्यावर संध्याकाळी चक्कर मारा. सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावर ॲक्टिव्हा स्टँडवर लावलेल्या असतात, त्यांच्या सीटवर बसून मंडळी आइस्क्रीम खात असतात. सायकल सोडली तर सगळ्यांची सोय झालेली आहे.

२००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी बससेवा आली, तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. तेव्हापासून ट्रॅक बांधण्याच्या कलेत आपण बरीच प्रगती केली. ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेले लोखंडी खांबच घ्या. दुचाकीवाले घुसू नयेत म्हणून ते रोवले. दोन खांबांमधलं अंतर इतकं काटेकोर की सायकलचं हँडल नेमकं अडकतं. स्कूटरवाला मात्र दहा फूट पुढे जाऊन, दुकानदाराने पदरचं सिमेंट घालून केलेल्या उतारावरून, निवांत वर चढतो. सायकलस्वाराने उतरायचं, सायकल उचलून खांबापलीकडे ठेवायची, परत बसायचं आणि समोरच्या विजेच्या डीपीपाशी पुन्हा उतरायचं. डीपीवर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. दम खाताना तेवढंच वाचन होतं.

मुंबईकर उतावळे. त्यांनी पवई तलावाकाठी ट्रॅक बांधायला घेतला आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढायला लावला. पुण्यात न्यायमूर्तींना अशी तसदी पडत नाही. इथे ट्रॅक आपला आपणच नाहीसा होतो.

नियोजनात तर आपण कुठेच कमी पडलो नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला, मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. पुणेकरांनी त्यांना इतकं आपलं मानलं की काही जणांनी त्या घरीच नेल्या. कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. दरम्यान २०१८ च्या वसंतात शहरातल्या नोंदणीकृत वाहनांनी लोकसंख्येला मागे टाकल्याची बातमी आली. आराखड्याला याहून मोठी सलामी कोणती?

पूर्वी या शहरात रात्री सायकलला दिवा नसला, मागे कुणी डबलसीट बसलं, की पोलीस शिट्टी मारायचा. केवढा जाच! आता सायकलस्वाराकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मागून येणारा पीएमपी बसचा चालकसुद्धा नाही.

अर्थात हौशी सायकलस्वार खूश आहेत. ते लाखाची सायकल घेऊन पहाटे पाचला सिंहगडाकडे निघतात. शहर उठायच्या आत परत येतात. उरतो तो रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन. हँडलला डब्याची पिशवी, पायात रबरी चप्पल, बस आणि दुभाजक यांच्या फटीतून तो हडपसरकडे जात असतो. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा तो झोपलेला असतो. त्याच्याकडून लेखी काही आलेलं नाही, त्या अर्थी त्याची काही तक्रार नसावी.