कुंपणावरचे अण्णा नाईक

"पायला काय वं?"

कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला. हातात वाळलेल्या कुरड्यांचं सूप, पदर कमरेला खोचलेला. काय पाहिला, हे विचारायचं कारणच नव्हतं. पुतण्याने त्यांच्या मोबाइलवर 'रात्रीस खेळ चाले' पहिल्या भागापासून लावून दिल्यापासून आमच्या गल्लीत सोयाबीनचा भाव, नळाची पाळी, कोणाच्या पोरीला पाहायला कोण आलं होतं, हे सगळे विषय मागे पडले आहेत.

"अर्धाच पाहिला, काकू. मधीच लाईन गेली."

"मंग तुले काय समजलं! अवं, म्हातारा मेला अन् घर भरलं. मुंबईचा पोरगा आला, त्याची थे शिकेल बायको आली, धाकला आला. आता पाय, रडते कोन अन् कपाटाकडं पायते कोन. भूतबीत नंतर."

काकूंचं परीक्षण हे असं असतं. एका वाक्यात मालिकेचा पाया उघडा. ही मालिका झी मराठीवर 22 फेब्रुवारी 2016 रोजी सुरू झाली, रात्री साडेदहाला. तेव्हा काकूंनी ती पाहिली नव्हती, कारण साडेदहा म्हणजे त्यांची दुसरी झोप. आता दहा वर्षांनी दुपारच्या उन्हात, वाळवणाची राखण करत त्या ती पाहतात. दुपारी दीडला, वाशीमच्या उन्हाळ्यात, भुताला भ्यायचं म्हटलं तरी घाम उन्हाचाच येतो. मालिकेला याहून कठोर परीक्षा नाही. रात्रीच्या अंधाराची उसनवारी न घेता ती उभी राहते का, हे इथे कळतं.

आणि पहिले भाग उभे राहतात, हे काकूंनी मान्य केलं. "थो म्हातारा दिसतच नाई ना वं. नुसतं नाव. 'अण्णा असे, अण्णा तसे.' ज्याले त्याले त्याचं भेव. मेला तरी भेव." दुसऱ्या पर्वात, जानेवारी 2019 पासून, मालिका मागे गेली आणि जिवंत अण्णा समोर आले. माधव अभ्यंकरांनी ते असे उभे केले की नुसती मान वळवली तरी पाहणारा सावरून बसावा. अपूर्वा नेमळेकरची शेवंता तर आमच्याकडच्या लग्नाच्या वऱ्हाडातही चर्चेला होती. अभिनयाच्या बाबतीत दुसरं पर्व वरचढ, यात वाद नाही. पण काकूंचा मुद्दा मला पटतो. न दिसलेले अण्णा जास्त भीतीचे होते.

एवढ्यात समोरचे गुरुजी पिशवी घेऊन बाजारातून परतत होते. भुताचा शब्द कानावर पडला की त्यांचे पाय आपोआप थांबतात. गुरुजी अंधश्रद्धा निर्मूलनवाले.

"असल्या मालिका बंद केल्या पाहिजेत," ते म्हणाले. "कोकणातल्या लोकांनी तेव्हाच विरोध केला होता. आमची बदनामी होते म्हणून."

"मास्तर, तुमी पायली काय?"

"मी कशाला पाहू?"

"मंग बोलता कायले?"

गुरुजी पिशवी खाली ठेवून कुंपणाला टेकले. म्हणजे आता अर्धा तास गेला. त्यांनी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढला, दाभोलकरांच्या खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला, हे सांगितलं. अंगात आल्याचं सांगून कोणाला लुबाडणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं हा गुन्हा आहे, हेही. ते सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण मालिकेत शिकलेली सून नीलिमाही आहे, भुतावर विश्वास नसलेली, प्रत्येक घटनेचं कारण शोधणारी. गुरुजींनी एक भाग जरी पाहिला असता तरी त्यांना स्वतःचं माणूस सापडलं असतं. काकूंना नीलिमा आवडत नाही तो भाग वेगळा. "लय शानी हाय थे. सासू रडून रायली अन् थे इचारते, कसं काय झालं!"

काकूंना आवडतो तो पांडू. घरातला विसरभोळा गडी, सगळं पाहिलेला आणि ऐन वेळी विसरलेला. हे काम प्रल्हाद कुडतरकरांनी केलं आणि मालिकेची पटकथाही त्यांचीच. लिहिणाऱ्यानेच विसरणाऱ्याचं सोंग घेतलं, ही गंमत मी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मंग बराबर हाय. पुढचं काय होनार थे त्यालेच ठाऊक, म्हून इसरल्यासारखं करते." 

मालवणी बोली मात्र त्यांना सुरुवातीला अडली. दोन-तीन भागांनंतर 'माका-तुका' त्यांच्या 'मले-तुले'च्या शेजारी मुकाट्याने येऊन बसलं, आणि काल तर नातवाला हाक मारताना त्यांच्या तोंडून 'खंय' निघालं.

"पन मले एक सांग," काकूंनी सूप खाली ठेवलं. "सगळी भुतं कोकनातच कायले? आपल्याकडं काय भुतानं यायचं नाई?"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, चकवा आहे, बाहेरची बाधा तर दर पाच घरांत एकदा होऊन गेलेली असते. पण टीव्हीच्या भुताला पाऊस लागतो, माडाची सळसळ लागते, कौलारू वाडा लागतो. मालिकेतला वाडा आकेरीचा, तिकडे सिंधुदुर्गात. मालिकेनंतर लोक मुद्दाम तो पाहायला जाऊ लागले. आमच्या काळ्या सपाट रानात दोन कोसांवरचं माणूस दिसतं; भुताने लपायचं कुठे? धाब्याच्या घरात तर ते वर चढलं की माती पडते आणि लगेच कळतं.

तसा मालिकेला मसाला वाशीम जिल्ह्यात कमी नाही. वाशीम गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. कारंजा नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान. आणि मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. कोणत्याही पटकथाकाराला एवढ्यावर तीन पर्वं काढता येतील. पण त्या देवळाची खरी गोष्ट अधांतरी मूर्तीपेक्षा जमिनीवरची आहे. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्या वादापायी ते चार दशकं कुलपात होतं. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर उघडलं.

काकूंनी हे ऐकून हात झटकले. "देवाले कोर्टात जा लागते, अन् तुमी अण्णाच्या वाड्याचं घेऊन बसले!"

इथे आमची गाडी खऱ्या रुळावर आली. कारण ही मालिका भुताची नाहीच. ती वाटणीची आहे. अण्णा गेले, आता वाडा कोणाचा, जमीन कोणाची, कोणाच्या नावावर काय लिहून ठेवलं, हा सगळा खेळ. भूत येतं ते कोणी कपाट उघडलं, कोणी कागद शोधला की. माहेरी परतलेली छाया, गावात राबणारा दत्ता, मुंबईहून आलेला माधव: ही माणसं कोकणातली असतील, पण आमच्या गल्लीत ही सगळी राहतात. दुसऱ्या पर्वातल्या वच्छीचं तेच. काकू म्हणतात, तिच्या अंगात देव येवो की दानव, पोटात जुना राग आहे.

"त्या कोपऱ्यावरच्या घरी पायलं ना," काकूंचा आवाज खाली आला, म्हणजे आता खरं गप्पाष्टक. "बाप गेला. तेरवीच्या दुसऱ्या दिशी भावाईनं बयनीले बसोलं, एक एक लुगडं देल्लं, अन् हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. आता धाकल्या भावाच्या सपनात रोज बाप येते मनते. येनारच! कागद पायाले येते थो."

गुरुजींना भूत चालत नसलं तरी कायदा चालतो. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती 1994 मध्येच केली होती, केंद्राचा कायदा 2005 चा. सही केली तर गेला, नाही केली तर आहे.

"अन् शेवंताच्या पोरीले?"

गुरुजी गप्प. त्यांनी मालिका पाहिली नव्हती, त्यामुळे शेवंता ही अण्णांची लग्नाबाहेरची बाई आणि सुषमा ही त्या दोघांची मुलगी, हे आधी काकूंनी त्यांना सांगितलं. म्हणजे अण्णांची सगळी कुंडली, नात्यांसकट आणि टिप्पणीसकट. गुरुजी तोंड पाडून ऐकत राहिले. पिशवीतली मेथी सुकत होती. मग उत्तर मीच दिलं, कारण हे मी वाचलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आहे: लग्न लागलं, पण ते कायद्याने रद्दबातल, अशा लग्नातल्या मुलांनाही एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आई-बापाच्या वाट्याला जे येईल त्यात हक्क आहे. बाकीच्या कुटुंबाच्या वाट्यात नाही. लग्नच लागलं नसेल तर मात्र हा आधारही नाही.

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हंजे त्या पोरीनं भुताच्या नादी न लागता वकील केला असता तं मालिका महिनाभरात संपली असती."

संपली असती, आणि तेच बरं झालं असतं, असं तिसऱ्या पर्वाबाबत मला वाटतं. 2021 मध्ये ते आलं तेव्हा वाडा पडका झाला होता आणि गोष्टही. कोरोनाने चित्रीकरण थांबलं, पुढे शेवंता बदलली. मेलेली माणसं एकदा रोज संध्याकाळी अंगणात दिसू लागली की शेजारी होतात. त्यांची भीती कसली?

त्यानंतर आलेल्यांवर काकूंनी झटपट निकाल दिला. 2022 ची 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' त्यांनी पाहिली, ऐश्वर्या नारकरांच्या रूपालीसाठी. "बाई झकास वाईट हाय," ही पावती. बाकी संगणकावरचा साप त्यांना साप वाटला नाही. "आपल्या वावरात याच्याहून मोठा निंगते." नव्या मालिकांत भूत दिसायला भारी झालं, पण घरात काम उरलं नाही त्याला. अण्णांच्या भुताला निदान जमीन राखायची होती.

गुरुजी निघाले. जाताना हळूच विचारलं, पहिला भाग मोबाइलवर कुठे सापडतो. काकूंनी पुतण्याचा नंबर दिला आणि वर बजावलं, "पन मास्तर, दिवसा पाहा. रात्री नीलिमा व्हता येत नाई."

तर निकाल असा: पहिलं पर्व पाहाच, आवाज थोडा कमी करून, कारण अर्धी भीती पार्श्वसंगीताची आहे. दुसरं अभ्यंकरांसाठी. तिसऱ्यावर वेळ घालवण्यापेक्षा तलाठ्याकडे जाऊन आपला सातबारा आणि फेरफार एकदा पाहून या, विशेषतः घरातल्या बायांनी.