छंदाच्या रकान्यात

पहिला बायोडेटा टाइप करताना 'छंद' या रकान्यात मी 'वाचन, ट्रेकिंग, हार्मोनियम' असं ठोकून दिलं. साल 1998. वाचन म्हणजे शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, ट्रेकिंग म्हणजे शाळेच्या सहलीतला सिंहगड, तोही जीपने. हार्मोनियम घरात होती, एवढंच. मुलाखत घेणाऱ्याने छंदाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याला फक्त कोबोल येतं का, ते हवं होतं. 'येतं' म्हणालो. ते खरं तर छंदाच्याच रकान्यात जायला हवं होतं.

तेव्हा वायटूकेची धास्ती. एकेकाळी ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डावर दोन रकाने वाचवणं शहाणपणाचं होतं, म्हणून जुन्या प्रोग्रामांत साल दोनच अंकी. आता 00 म्हणजे 1900 की 2000, हे यंत्राला कळेना. साल चार अंकी करणं हा खरा उपाय. पण मुदत छातीवर बसली की एक सोपी युक्ती होती. 00 ते 29 आले तर पुढे 20 लावा, 30 ते 99 आले तर 19. एका परदेशी विमा कंपनीच्या प्रोग्रामात मी तेच केलं आणि वर टीप लिहिली, 'तात्पुरते'. 2030 पर्यंत हे कोण वापरतंय!

पुढची पंचवीस वर्षं पटकन आटोपतो. हिंजवडी, ट्रॅफिक, बढती, ट्रॅफिक.

मग डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली आणि छंद जोपासा म्हणाले. बायकोने माळ्यावरून अण्णांची पेटी काढली. "बायोडेटात लिहिलंयस ना? आता खरं कर."

पेटी शिकायला बसण्याआधी मी पेटीबद्दल वाचायला बसलो, आणि तिथेच घात झाला. पेटीचा गांधार खोटा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसलं तरी आता सुटका नाही. सा 240 आंदोलनांवर धरा. शुद्ध गांधार 300 वर हवा. तंबोरा नीट लागला की तो आपसूक ऐकू येतो. पेटीत मात्र सप्तकाची बारा समान तुकड्यांत वाटणी केलेली, त्यामुळे तिचा गांधार 302.4 च्या आसपास. म्हणजे चौदा सेंट चढा. (सेंट म्हणजे अत्तर नव्हे, अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.) कॉम्प्युटरमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 येते, त्याच कुळातली ही चूक. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला जे दार लावलं, ते 1971 साली कुठे किलकिलं केलं! हे सगळं मी सोसायटीच्या गणपतीत सांगितलं, वाढदिवसांना सांगितलं. एका मुंजीच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ जिलबी यायच्या आत उठले.

पेटी शिकवणाऱ्या बाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "गांधार चौदा सेंट चढलाय, बरं. पण तुम्ही तिथे पोचताय दीड मात्रा उशिरा. आधी ते बघू."

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीने मला तिच्या स्क्रीनपाशी बोलावलं. पाच वर्षांची नवी पॉलिसी 1930 सालीच संपलीय, असं प्रोग्राम म्हणत होता. "सर, इथे तुमची आद्याक्षरं आहेत."

खरं सांगतो, आधी छाती फुगली. अजून चालतंय!

"'तात्पुरते' लिहिलंय, सर."

"हो, मग?"

"तारीख माझ्या जन्माआधीची आहे."

म्हणजे दोन आंदोलनांवरून पंगतीतली माणसं उठवणारा मी शंभर वर्षांनी चुकलो होतो.

त्याच आठवड्यात पेटी दुरुस्तीला नेली. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि निषादाच्या पट्टीच्या स्प्रिंगखालून कागदाची एक घडी चिमट्याने ओढली. भाता हलवला, तर पट्टी न दाबताच निषाद भोंग्यासारखा केकाटू लागला. घडी परत सरकवली, गप्प. मी ती पुन्हा काढायला लावून उलगडून पाहिली. एसटीचं जुनं तिकीट, कंडक्टरच्या चिमट्याने भोकं पाडलेलं. आमच्या घरातलं पहिलं पंचकार्ड.

निषाद आपोआप वाजतो, हे अण्णांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पेटी दुरुस्तीला द्यायची म्हणून ते एका दिवाळीत निघाले होते, एवढं आठवतं. त्या वर्षी माझ्या कॉम्प्युटर क्लासची फी भरायची होती.

"स्प्रिंग बदलून देतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "हे काय, तात्पुरतं आहे."

"चालतंय ना?"

"चालतंय तसं."

तिकिटाची पूर्वीच्याच रेघांवर घडी घालून मी त्याच्या हातात दिली. "मग बसवा परत."