बटाट्यावरची जोंगा

"अगं, या बटाट्याला काय झालंय?" काकूंनी कुंपणावरून विचारलं, तेव्हा माझे दोन्ही हात कुरडयांच्या चिकानं माखलेले होते. मान वळवून बघते तर कुरडयांच्या पंच्यापासून हातभर अंतरावर, ओट्याच्या कडेला अर्धा कापलेला बटाटा. त्यात पाच टूथपिक खोचलेले आणि प्रत्येकाच्या टोकावर रुपयाएवढं काळंभोर चाक.

"काही नाही हो काकू, जोंगाची चाकं आहेत. रंग वाळतोय."

"पाच?"

"चार आणि एक स्टेपनी."

दुसऱ्या कुठल्या गावात बाई हसली असती, नाहीतर नवरा बरा आहे ना, असं तरी विचारलं असतं. आमच्या जबलपूरच्या रांझीत तसं होत नाही. काकूंनी पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "स्टेपनीला वेगळा रंग द्यायचा असतो का, ते आमच्यांना विचारून घे. चाळीस वर्षं हेच केलंय त्यांनी." झालं. त्या दिवसापासून आमचं कुंपण म्हणजे इन्स्पेक्शन बे झालंय.

आता आमच्या गल्लीचं सांगायचं तर दहा घरांतली सात घरं फॅक्टरीची. कोणी 1904 सालच्या गन कॅरेज फॅक्टरीचं, कोणी खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, कोणी व्हेईकल फॅक्टरीचं. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना शक्तिमान ट्रक गन कॅरेजमध्येच बनू लागला, मूळ नमुना जर्मनीच्या मान कंपनीचा. मग 1969 साली व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमानबरोबर निसानची एक टनी गाडी आणि निसानचीच जीपसारखी फौजी गाडी, म्हणजे जोंगा, तिथून निघू लागल्या. जोंगा हे नाव कुठल्या जपानी डोंगराचं असेल असं मला लग्न होऊन इथे आल्यावर वाटलं होतं. ते आमच्याच गावाचं निघालं! जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, याची आद्याक्षरं. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि पिणं असं की काका म्हणतात, जोंगाला ड्रायव्हरपेक्षा भिश्ती जास्त लागायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती बंद झाली. 2019 साली धोनीनं एक जुनी जोंगा घेतली, तेव्हा आमच्या गल्लीत रांचीकरांनी सून म्हणून जबलपूरची पोरगी केल्यासारखा आनंद झाला होता.

आणि अशा गल्लीत आमचे हे बँकेतले. जन्मात कधी पाना धरला नाही. इतरांच्या पगाराच्या नोटा मोजल्या आणि निवृत्त झाले. मला वाटायचं आता बागकाम करतील, सकाळी नर्मदेवर ग्वारीघाटला जातील. तर यांनी जेवणाच्या टेबलावर हिरवी रबरी चटई अंथरली आणि विमानं जोडायला घेतली.

पहिलं विमान नॅट. त्याच्या सुट्या भागांचा डबा अमेरिकेतल्या भाच्यानं बॅगेतून आणला. सोबत डिंक काही आला नाही, कारण तो पेट घेणारा, विमानात चालत नाही. खरं तर डिंक म्हणू नये. हे मला तीनदा समजावून झालंय की ते चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, वेल्डिंगसारखं. असेल बाई. माझी नेलपॉलिश काढायची बाटली त्या काळात गायब झाली एवढं मला ठाऊक. तिनं काम झालं नाहीच, उलट विमानाचा एक पंख लोण्यासारखा सुटला.

तर नॅट. लांबी जेमतेम 12 सेंटिमीटर, माझ्या लाटण्याच्या निम्मीसुद्धा नाही. म्हणजे 72 पट लहान. हा 72चा आकडा कुठून आला हे मला आवडलं म्हणून सांगते. इंग्रजांचा हिशेब. सहा फूट म्हणजे एक इंच. सहा फुटी माणूस उभा केला की तो बरोबर एक इंचाचा. लढाईच्या दिवसांत आभाळातलं विमान आपलं की परक्याचं हे ओळखायला पहारेकऱ्यांना असली छोटी विमानं दाखवून शिकवत. त्या नॅटवर यांनी श्रीनगरची कथा सांगितली. 14 डिसेंबर 1971, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उड्डाण. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र. मी तेव्हा भांडी घासत होते. घासणी हातातच राहिली.

काकूंना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पण आता पुढचं विमान कधी?" पुढचं विमान कुठून यायला! तो डबा सरकारी भाषेत खेळणं ठरतो. 2020 साली खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 20 टक्क्यांवरून 60 वर नेली, 2023 साली 70 वर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून आयएसआयचा शिक्का हवा. देशी खेळणीवाल्यांचं भलं होत असेल तर व्हावं, माझं काही म्हणणं नाही. यांचं दुःख ड्यूटीचं नाहीच मुळी. एकसष्टाव्या वर्षी आपल्याला कागदोपत्री खेळणं खेळणारा ठरवलं, याचं आहे.

मग एक दिवस म्हणाले, "डबा येत नाही ना, मग आपण घरीच करू. जोंगा करू."

आता इथे गंमत आहे. जर्मनांचे रणगाडे, अमेरिकनांचे ट्रक, रशियनांची काय वाट्टेल ती वाहनं, सगळ्यांचे डबे मिळतात. जोंगाचा डबा यांना आजवर सापडलेला नाही. ज्या गावात खरी बनली, त्या गावात तिची प्रतिकृती करायची तर शून्यातून. प्रमाण 35 पट लहान. हे 35 म्हणजे सहा फूट–एक इंच असलं काही शास्त्र नव्हे. जपानच्या तामिया कंपनीनं 1961 साली पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटार आणि दोन बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावतील एवढा रणगाडा केला, मग मोजून बघितलं तर 35 पट निघाला. पुढे सगळं जग त्याच मापानं रणगाडे करायला लागलं. जपानी गाडीला जपानी माप, मला तर पत्रिका जुळल्यासारखी वाटली.

शून्यातून म्हणजे काय ते आमच्या घरात येऊन बघा. मुदत संपलेलं एटीएम कार्ड म्हणजे दरवाजे. रिफिलच्या नळ्या म्हणजे सायलेन्सर. जुन्या नॅटच्या डब्यातल्या उरलेल्या प्लास्टिकच्या काड्यांचे तुकडे बाटलीत विरघळवून त्याची लांबी, ती फटींमध्ये भरायची, वाळली की पाण्यात बुडवून पॉलिशपेपरनं घासायची. वायरलेसची एरियल करायची तर प्लास्टिकची काडी ज्योतीवर धरतात, मऊ पडली की दोन्ही हातांनी हळूच ओढतात आणि केसासारखा धागा निघतो. ज्योत कसली? माझ्या देवघरातल्या निरांजनाची! तेव्हा मी बोलले नाही. संध्याकाळी बोलले.

मे महिन्याचंही सोसावं लागतं. बाहेर त्रेचाळीस अंश. फवाऱ्यातून रंग निघतो आणि प्लास्टिकवर पोहोचेपर्यंत हवेतच वाळून पावडर होते. म्हणून हे पहाटे पाचला रंग देतात. एकदा चासी उन्हात ठेवली आणि विसरले, ती पापडासारखी वर वळली. काकू म्हणाल्या, "तळून घे."

गाडीला अस्तर झालं, हिरव्याचे दोन हात झाले, आणि काका कुंपणाशी आले. काका पेंट शॉपमधून निवृत्त. चष्मा कपाळावर ढकलला, गाडी तळहातावर घेतली, उन्हात फिरवली.

"रंग चुकला."

हे गडबडले. "काका, प्रमाण लहान झालं की रंग थोडा उजळ करावा लागतो. लांबून बघितलेल्या गाडीवर मध्ये हवा असते ना, ती रंग फिका करते. तोच रंग डब्यातला जसाच्या तसा लावला तर लहान गाडी काळीठिक्कर दिसते."

काका ऐकून घेतात, हा त्यांचा गुण. ऐकलं आणि म्हणाले, "हवा मला माहीत नाही. हिरवा मला माहीत आहे. मी निम्मं आयुष्य हाच हिरवा नखातून काढलाय."

त्यावर पलीकडच्या कोपऱ्यावरच्या मिश्राजींचे साडू आले, ते खमरियाचे. त्यांच्या मते रंग बरोबर पण चमक जास्त. तिसरे आले ते म्हणाले, आमच्या वेळी वेगळा होता. अर्धा तास हिरव्यावरून असा वाद की भंगारवाला हातगाडी थांबवून उभा राहिला आणि म्हणाला, "काय बड्डे, कोनऊ जमीन को झगड़ा है का?"

पण खरं महाभारत पुढच्या आठवड्यात झालं. यांनी गाडी मळवली. या छंदात तेच खरं कसब मानतात. काळपट तेलरंग पातळ करून खाचांमध्ये सोडायचा, स्पंजच्या तुकड्यानं कडांवर रंग उडाल्याचे टिपके द्यायचे, चाकांवर धूळ. धुळीसाठी आधी माझी रांगोळी घेतली. मग स्वतःच हिशेब केला. रांगोळीचा कण अर्धा मिलिमीटर धरला तरी 35 पटीनं पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो, ही काय धूळ झाली? शेवटी गेरू आणि शाळेचा खडू कानशीवर घासून पीठ केलं आणि ब्रशनं हलकेच झटकलं. झाली राजस्थानची धूळ. मला तर खरंच वाटली. बोट लावलं तर ओरडले.

काकांनी बघितलं आणि चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या नातीच्या लग्नाच्या शालूवर चहा सांडलाय. "ही काय अवस्था केलीत गाडीची? अशी आमच्या शॉपमधून बाहेर पडली असती तर मला मेमो मिळाला असता."

"काका, ती युद्धात वापरलेली दाखवलीय."

"युद्धात काय झालं ते फौज बघेल. आमच्या गेटमधून बाहेर पडली तेव्हा आरशासारखी होती."

मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. मला विचाराल तर काकांचंच बरोबर. ज्यानं केली त्याला ती नवीच आठवणार. पण हे मी घरात बोललेले नाही.

मग तोफेचं प्रकरण. जोंगावर 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवायचे, तीही यांना करायची. 106 भागिले 35, म्हणजे तीन मिलिमीटर, म्हणजे रिफिल! आनंदानं ओरडत बाहेर आले. गन कॅरेजचे एक आजोबा फिरायला निघाले होते, थांबले. म्हणाले, "ते आतल्या भोकाचं माप आहे साहेब. बाहेरून नळी जाड असते. आणि नाव 106 असलं तरी भोक खरं 105चंच. आधीच्या 105च्या तोफेच्या गोळ्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून एक वाढवून सांगतात." एवढं बोलून गेले. यांची रिफिल हातात तशीच.

आणि काकूंचा नातू घरी येऊन म्हणे, शाळेत सांगितलं की अब्दुल हमीदनं जोंगावरून पॅटन रणगाडे उडवले. ग्रेनेडियर्सचं सेंटर आमच्या जबलपुरातच, त्यामुळे हमीदचं नाव इथल्या प्रत्येक पोराला पाठ. पण काका भडकले. "10 सप्टेंबर 1965 ला जोंगा कुठली? आमची फॅक्टरीच 1969ची. ती साधी जीप होती, चौथ्या ग्रेनेडियर्सची. उगाच आम्हाला नको ते श्रेय देऊ नका." स्वतःच्या गाडीचं श्रेय असं नाकारणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

सध्या गाडी पालथी पडली आहे. वरचं सगळं झालं. नंबर प्लेटसुद्धा झाली, आधी वर टोक केलेला बाण, मग सालाचे दोन आकडे, मग अक्षर, सगळं तीन केसांच्या ब्रशनं. अडलंय ते पोटाखाली. एक्झॉस्टचा पाइप कुठून वळतो, टाकीचे पट्टे किती, पाटे कुठे अडकवलेत. फोटो सगळे वरून काढलेले, गाडीखाली झोपून कोण काढतं? काका पेंट शॉपचे, ते म्हणतात पोटाला आम्ही काळा फासत होतो, बघत नव्हतो. असेंब्लीतले दोघं आहेत, तर एक म्हणतो पाइप डावीकडून, एक म्हणतो उजवीकडून. आता दोघं एकमेकांच्या घरी चहाला जात नाहीत. त्यांच्यातल्या एकाकडे गाडीचं पार्ट बुक होतं, आकृत्यांसकट. दिवाळीच्या साफसफाईत सुनेनं रद्दीत घातलं, किलोच्या भावानं.

म्हणून सांगते, ज्यांच्या घरातून कोणी व्हेईकल फॅक्टरीत होतं, त्यांनी माळा आवरताना जरा जपून. तेलकट डागांचं, पानं सुटलेलं जोंगाचं पुस्तक दिसलं तर फेकू नका. विकत नाही मागत, दोन दिवस बघायला द्या. रांझीत येऊन कोणालाही विचारा, बटाट्यावर चाकं वाळत असतात ते घर. मी नसले तर कुंपणावरून काकूंच्या हातात द्या.