शिक्का कोणाच्या खिशात? चीनमध्ये कंपनी काढणाऱ्या नवख्यांसाठी काही पाठ

अभिनंदन! चीनमध्ये कंपनी काढायचं तुम्ही ठरवलंत. भांडवल, कर, कामगार कायदा या विषयांवर जाडजूड पुस्तकं मिळतात. ती विकत घ्या आणि कपाटात ठेवा. इथे आपला विषय एवढाच: साधारण चार सेंटीमीटर व्यासाचा, तांबड्या शाईचा, मधोमध पाच टोकांची चांदणी असलेला गोल शिक्का. भांडण पेटेल त्या दिवशी तुमची कंपनी म्हणजे हा शिक्का. तुम्ही, तुमचं संचालक मंडळ आणि तुमचे शेअर यांचा नंबर त्याच्या मागे.

पाठ पहिला: ओळख

मुख्य शिक्का एक, पण गोतावळा मोठा. हिशेबाचा वेगळा, करारांचा वेगळा, बिलांचा वेगळा, शिवाय कंपनीच्या कायदेशीर प्रतिनिधीच्या नावाचा आणखी एक. मुख्य शिक्क्याची नोंद पोलिसांकडे असते. पोलिसांकडे का, असं विचारू नका; नवशिक्याने पहिल्याच पाठात दमून चालायचं नाही. करार अनेक पानी असेल तर पानं पंख्यासारखी पसरून सगळ्यांच्या कडांवर मिळून एकच शिक्का उठवतात. मधलं एखादं पान कोणी बदललं तर नक्षी जुळत नाही. पानापानावर सह्या करून बोटं मोडून घेणाऱ्या आपल्या लोकांनी ही युक्ती उचलावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

सही चालत नाही असं नाही. 2021 पासून लागू झालेल्या नागरी संहितेनुसार करार पक्का व्हायला सही, शिक्का किंवा बोटाचा ठसा यांपैकी काहीही पुरतं. पण तुमची झोकदार सही घेऊन एकदा बँकेच्या खिडकीवर जाऊन बघा. पलीकडची व्यक्ती कागद सुलटा बघेल, उलटा बघेल आणि विचारेल, शिक्का कुठाय?

पाठ दुसरा: शिक्का कसा न्यावा

याचं आदर्श प्रात्यक्षिक 26 एप्रिल 2020 रोजी बीजिंगमध्ये झालं. ऑनलाइन पुस्तकविक्रीत नाव कमावलेली ‘दांगदांग’ ही कंपनी ली ग्वोछिंग आणि यू यू या नवराबायकोने उभी केली. पुढे दोघांचं फाटलं, घटस्फोटाचा दावा लागला, कंपनी यू यू यांच्या हाती राहिली. त्या दिवशी ली काही माणसं घेऊन कार्यालयात गेले आणि शिक्के घेऊन बाहेर पडले. किती? 47. आणि जाताना शिक्के नेल्याची पावती ठेवून गेले! नवशिक्याने इथे थांबून नमस्कार करावा. कंपनीने पोलिसांत तक्रार केली आणि ते सगळे शिक्के रद्द झाल्याचं जाहीर केलं. लोकांनी हसून घेतलं. पण हसणाऱ्यांपैकी कुणीही असं विचारलं नाही, की एवढ्या मोठ्या कंपनीच्या संस्थापकाला कोर्ट सोडून ड्रॉवरकडे का धावावं लागलं. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं.

पाठ तिसरा: शिक्का परत कसा देऊ नये

हा पाठ परदेशी गुंतवणूकदारांनी दोनदा वाचावा. मोबाईलच्या चिपची मूळ रचना करणारी ब्रिटनची ‘आर्म’ ही कंपनी जपानच्या सॉफ्टबँकेच्या मालकीची होती. तिचा चीनमधला संयुक्त उद्योग शेन्झेनला. त्यात तेव्हा 51 टक्के चिनी गुंतवणूकदारांकडे, 49 टक्के आर्मकडे. जून 2020 मध्ये संचालक मंडळाने प्रमुख ॲलन वू यांना काढायचा ठराव सात विरुद्ध एक मतांनी केला. लक्षात घ्या, चिनी आणि परदेशी दोन्ही बाजूंचं यात एकमत होतं, एवढा दुर्मीळ योग. वू यांनी ठराव मानला नाही. शिक्का त्यांच्याकडे आणि सरकारी नोंदीत कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नावही त्यांचंच. ते नाव बदलून घ्यायचं तर अर्जावर कंपनीचा शिक्का लागतो. आणि शिक्का वू यांच्याकडे.

हे वाक्य गोल फिरतंय असं वाटलं तर बरोबरच वाटलं. आर्मचे वकीलही असेच फिरले. वू कार्यालयात येत राहिले, कंपनी चालवत राहिले. नवं नाव नोंदीत चढायला एप्रिल 2022 उजाडला. सात विरुद्ध एक, आणि तरी जवळजवळ दोन वर्षं.

गंमत अशी, की शेन्झेनची नदी ओलांडून हाँगकाँगला गेलं की तिथे इंग्रजी वळणाचा कायदा. 2014 पासून तिथल्या कंपनीला शिक्का ठेवायची सक्तीच नाही. दोन संचालकांनी सह्या केल्या की दस्त झाला. देश एक, नदी लहान, आणि कंपनी कोण हे ठरवायच्या दोन तऱ्हा.

पाठ चौथा: मुळा

खोट्या शिक्क्याला तिकडे मुळ्याचा शिक्का म्हणतात. मुळ्यावर कोरलेला शिक्का निदान कोशिंबिरीत खपतो, पण 2020 साली ‘टेन्सेंट’ या चिनी इंटरनेट कंपनीला तो चांगलाच तिखट लागला. ‘लाओ गान मा’ ही चीनच्या घराघरात असलेली मिरचीची चटणी. तिने जाहिरातींचे पैसे थकवले म्हणून टेन्सेंटने दावा लावला आणि शेन्झेनच्या न्यायालयाने चटणीवाल्यांची एक कोटी साठ लाख युआनहून अधिक मालमत्ता गोठवली. चटणीवाले म्हणाले, आम्ही तुमच्याशी करारच केलेला नाही. मग ग्वेयांगच्या पोलिसांनी खुलासा केला: तिघांनी कंपनीचा शिक्का बनावट करून करार केला होता, का, तर जाहिरातींबरोबर मिळणारी ऑनलाइन गेमची भेट-कुपनं विकायला. एवढी बलाढ्य कंपनी, आणि समोरच्याचा तांबडा गोल बघून गप्प बसली. पुढे टेन्सेंटनेही स्वतःची थट्टा करून घेतली आणि अशा भामट्यांचा सुगावा देणाऱ्याला लाओ गान माच्या हजार बाटल्या देऊ केल्या.

कंपनीचा शिक्का बनावट करणाऱ्याला फौजदारी कायद्याच्या कलम 280 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र 2019 मध्ये सर्वोच्च लोकन्यायालयाने न्यायाधीशांना सांगितलं, की शिक्का बघू नका, तो मारणारा माणूस बघा. त्याला अधिकार असेल तर शिक्का खोटा असूनही कंपनी बांधली जाते; अधिकार नसेल तर खऱ्या शिक्क्यानेही बांधली जात नाही. फार शहाणा नियम आहे. फक्त तो न्यायालयात लागतो, आणि न्यायालयापर्यंत पोचायच्या आधी बँक, कर कार्यालय आणि नोंदणी कार्यालय अशा तीन खिडक्या लागतात. तिथे माणूस बघत नाहीत.

पाठ पाचवा: मान कोणाची

प्रत्येक चिनी कंपनीला एक कायदेशीर प्रतिनिधी असावाच लागतो, हाडामांसाचा. त्याची कृती ती कंपनीची कृती. संचालक मंडळ हवं तर पंधरा जणांचं ठेवा, मान एकाचीच. कंपनीने न्यायालयाचा हुकूम मोडून पैसे थकवले तर याला विमान बंद, वेगवान रेल्वे बंद, तारांकित हॉटेल बंद, गोल्फ बंद. मुलांना महागड्या खासगी शाळेत घालणंही बंद. परदेशी असेल तर दिवाणी दावा निकालात निघेपर्यंत न्यायालय त्याला देशाबाहेर जाण्यापासून रोखू शकतं. भारतात बसून ‘आपल्या भाच्याचं नाव टाका, तो तिकडेच शिकतोय’ असं सांगणाऱ्या काकांनी हा परिच्छेद भाच्याला वाचून दाखवावा.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या सुधारित कंपनी कायद्याने थोडी दया दाखवली आहे. प्रतिनिधी हा कामकाज बघणारा संचालक किंवा व्यवस्थापकच हवा. त्याने ते पद सोडलं की प्रतिनिधित्वही सुटतं आणि कंपनीने तीस दिवसांत दुसरा नेमायचा. भाचे त्यामुळे पुष्कळ वाचतील.

आता हसणं आवरा. ब्रिटनने कंपनीच्या शिक्क्याची सक्ती 1989 च्या कायद्याने काढली, भारताने 2015 च्या दुरुस्तीने. म्हणून आपल्याकडची खिडकी ‘कंपनीचा गोल शिक्का मारून आणा’ म्हणायची थांबली का? फरक एवढाच, की आपला शिक्का कोपऱ्यावरच्या दुकानात तासाभरात करून मिळतो, त्यामुळे तो पळवायची कुणाला गरज पडत नाही.

तेव्हा तिजोरी घ्या, दोन किल्ल्यांची. एक किल्ली तुमच्या माणसाकडे, दुसरी भागीदाराच्या. शिक्का उठेल तेव्हा वहीत तारीख, कागद आणि दोघांच्या सह्या. कोऱ्या कागदावर शिक्का मागणाऱ्याला चहा पाजा, शिक्का देऊ नका. आणि एवढं करूनही शंका उरली तर चिनी वकील गाठा. त्याच्या पत्रावर त्याच्या फर्मचा शिक्का आहे ना, ते आधी बघून घ्या.