हाताने केलेली, हात न लावलेली

अमेरिकेतल्या गिटारवाल्यांमध्ये एक जुना विनोद चालतो: चांगल्या गिटारी वाजवणारे विकतात आणि दातांचे डॉक्टर घेतात. विनोदातला डॉक्टर खरा आहे. कधी तो वकील असतो, कधी निवृत्त सर्जन, पण जुन्या गिटारींच्या बाजारात तो लांबूनच ओळखू येतो. बाकीची मंडळी टेबलावरची गिटार उचलून तारा छेडतात. हा ती पालथी घालतो. मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून विक्रेत्याकडे परवानगीच्या नजरेने बघतो आणि परवानगी मिळायच्या आत पहिला स्क्रू सैल करतो.

आत त्याला गिटारीची जन्मवेळ शोधायची असते. आवाजाच्या बटणाखाली जो पोटेन्शिओमीटर असतो, त्याच्यावर आकडे छापलेले असतात. सुरुवातीला 304 असेल तर तो स्टॅकपोल कंपनीचा, 137 असेल तर सीटीएसचा. पुढे वर्ष आणि आठवडा. फेंडरची असेल तर नेक, म्हणजे गिटारीची मान, सोडवून तिच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली तारीख बघायची. डाख भिंगातून तपासायचा, नंतर कोणी वितळवलेला तर नाही ना? अतिनील प्रकाश पाडून लॅकर हिरवट-पिवळट चमकतं का, ते पाहायचं. शेवटी रिकाम्या पेटीत नाक खुपसून डोळे मिटायचे. पूर्वी कोकणात स्थळ बघायला गेलेले आजोबा कुळ, गोत्र, देवक, मामाचं गाव सगळं खोदून विचारायचे आणि मुलीला गाता येतं का हे उठता उठता, चप्पल पायात सरकवताना. गिटारीच्या बाबतीतही गाण्याची चौकशी चपलेच्या वेळीच होते.

हे सगळं ज्या माणसाच्या गिटारीवर चालतं, त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. 1950 साली त्याने जी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तिची नेक चार स्क्रूंनी बसवली. हेतू सरळ होता: झिजली की काढा, नवी लावा, रात्रीच्या कार्यक्रमाला उभे राहा. आज कोणी तशी नेक बदललेली दिसली, तर आमच्या ओळखीचे असेच एक डॉक्टर ‘अरेरे’ म्हणतात, आणि त्या ‘अरेरे’बरोबर किंमत धाडकन खाली येते. लिओने दुरुस्तीसाठी घडवलेल्या वस्तूचा सगळ्यात मोठा दुर्गुण म्हणजे तिची दुरुस्ती झालेली असणं.

डॉक्टरांना हात हवे असतात, पण पहिले. टॅडिओ गोमेझ हे नाव ते ज्या सुरात घेतात, त्या सुरात आपल्याकडे घराण्याच्या बुवांचं नाव घेऊन कानाला हात लावतात. गोमेझ फेंडरच्या कारखान्यात नेक घडवायचा आणि टाचेवर आपली ‘टीजी’ अक्षरं पेन्सिलीने टाकायचा. 1956 पासून अबिगेल यबारा ही बाई तिथे पिकअपवर, म्हणजे तारांची थरथर विजेत उतरवणाऱ्या चुंबकी भागावर, तार गुंडाळायची. केसाइतकी बारीक तांब्याची तार, हजारो वेढे, आणि यंत्र असूनही तार सरकवायला बोटंच. त्यामुळे दोन पिकअप तंतोतंत सारखे निघायचे नाहीत. कारखान्याच्या मालकाला ही अडचण वाटली असेल. डॉक्टरांना ती सही वाटते.

तिकडे मिशिगनमध्ये, कॅलमझूच्या गिब्सन कारखान्यात, सेथ लव्हर या इंजिनिअरने गुणगुण मारणारा दुहेरी कॉइलचा पिकअप तयार केला. पेटंटचा अर्ज 1955 चा, मंजुरी 1959 ची. मधल्या काळातल्या पिकअपच्या खाली ‘अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी. कॉइल भरली की वेढे मोजून आपोआप थांबणारी यंत्रं तेव्हा नव्हती. कामगार अंदाजाने थांबायचा. चुंबक हाताला येईल ते. एका कॉइलवर चार वेढे जास्त, दुसऱ्यावर कमी. ती चिठ्ठी असलेला नुसता पिकअपसुद्धा आज हजारो डॉलरना जातो.

आणि रंग! गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलला 1958 साली चेरीच्या लाल कडांचा सनबर्स्ट दिला, तो लाल उन्हाने उडायचा. दुकानाच्या काचेत राहिलेल्या गिटारी मधाच्या, चहाच्या, लिंबाच्या रंगावर गेल्या. 1960 मध्ये कंपनीने न उडणारा लाल आणून चूक सुधारली. डॉक्टर 1960 च्या उत्तरार्धातल्या गिटारीपुढे उभे राहून हळहळतात: ‘‘बघा ना, अजून लालच आहे.’’

यावर मी त्यांना एकदा विचारलं, की मग आवाजाचं काय? ते म्हणाले, ‘‘लाकूड वाळतं हो!’’ आणि लाकूड कसं वाळतं यावर अर्धा तास बोलले. लाकूड वाळतं हे खरंच आहे, पण 1975 चंही लाकूड एव्हाना वाळलं आहे आणि त्याला हा भाव नाही. मला वाटतं, खरी गोष्ट त्या अंदाजाने थांबणाऱ्या हातात आहे. मोजमाप ढिलं असलं की काही गिटारी मठ्ठ निघतात, बऱ्याचशा ठीक निघतात आणि थोड्या अशा निघतात की ऐकणारा उभाच राहतो. त्या थोड्या नेमक्या योग्य हातांत पडल्या. गिटारवादक पीटर ग्रीनच्या 1959 च्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचं चुंबक उलटं होतं, त्यातून तिला तो नाकातला, पोकळ आवाज मिळाला. पुढे ती गॅरी मूरकडे आणि मग मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे गेली. नाव झालं तिचं, आणि भाव वाढला तिच्या सगळ्या मठ्ठ बहिणींचा.

त्यात बहिणी मोजक्या. 1958 ते 60 मध्ये असे सनबर्स्ट दीड हजाराच्या आसपास झाले. किंमत अडीचशे डॉलरच्या घरात, तरी खप नाही, म्हणून कंपनीने मॉडेलच बंद केलं. 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या बँडमधल्या एरिक क्लॅप्टनची लेस पॉल रेकॉर्डवर गरजली आणि इंग्लंड-अमेरिकेतली पोरं जुन्या बाजारात धावली. त्या पोरांपैकी ज्यांना गिटार जमली नाही, ती पुढे दातांची डॉक्टर झाली. सनबर्स्टच्या आजच्या लाखो डॉलरच्या किमतीचा हिशोब इथे येऊन मिळतो.

डॉक्टरांचं कलियुग 1965 च्या जानेवारीत सुरू होतं. त्या महिन्यात सीबीएस कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरना फेंडर विकत घेतली. कारखाना तोच, माणसं तीच, डिसेंबरातलं लाकूडही तेच. पण त्याआधीची ती ‘प्री-सीबीएस’. पॉल रीड स्मिथचा मेरीलँडमधला कारखाना 1985 चा, म्हणून त्याआधी त्याने कार्यशाळेत घडवलेल्या त्या ‘प्री-फॅक्टरी’. सगळ्यात लाडकी मात्र फेंडरची 1951 ची. ग्रेच कंपनीने तिच्या ‘ब्रॉडकास्टर’ या नावावर हरकत घेतली, तेव्हा लिओच्या माणसांनी तयार स्टिकरमधून तेवढा शब्द कात्रीने कापला आणि नुसतं ‘फेंडर’ चिकटवून माल पाठवला. संग्राहक तिला ‘नोकास्टर’ म्हणतात. कात्रीची किंमत वेगळी लागते.

आता इतकं जमवल्यावर वाजवायचं काय? जुन्या गिटारी काचेमागे असतात, शेजारी आर्द्रता दाखवणारा काटा. तार तुटली तर डॉक्टर ती बदलताना श्वास रोखतात. बऱ्याच जणींचा फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा. 1992 पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी, त्यामुळे गिटारीला सरहद्द ओलांडायची तर कागदपत्रं डॉक्टरांपेक्षा जास्त लागतात. मग रोजच्या वापराला त्यांनी ‘रेलिक’ घेतली. फेंडर 1995 पासून असल्या गिटारी विकते: नव्या कोऱ्या, पण ओरखडे, पोपडे, सिगारेटचा डाग, कोपराने झिजलेला रंग असं सगळं कारखान्यात हाताने करून दिलेलं. जितकी खराब करून मागाल तितके पैसे जास्त. डॉक्टरांनी ‘बरीच खराब’ मागवली होती.

पेटी घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी यादी हातात धरून एकेक ओरखडा जुळवून घेतला. मग खालच्या कडेवर अंगठा थांबला, भिंग आलं, दिवा आला, आणि डॉक्टरांनी कुरिअरवाल्याला फोन लावला: नखाएवढा टवका उडालाय, हा माझ्या ऑर्डरमध्ये नव्हता, भरपाई पाहिजे.