फरक कळला?

महागडा हेडफोन घेतलेला माणूस ओळखायला सोपा. हेडफोन त्याच्या डोक्यावर कधीच नसतो. तो दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर असतो आणि हा समोर उभा राहून विचारत असतो, "फरक कळला?"

तानसेन होणं जमलं नाही तरी कानसेन व्हावं, असं आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. सांगणाऱ्यांना बिचाऱ्यांना वाटतं, हा स्वस्तातला मार्ग आहे. आमच्या सोसायटीत असा एक कानसेन आहे. तुमच्याकडे नसेल तर त्याचं पार्सल अजून वाटेत असेल. वय छप्पन, बँकेत बरी नोकरी, मुलगी बंगळुरात, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कर्ज फिटेपर्यंत माणसाला आवाजातलं काहीही खटकत नाही. शेवटचा हप्ता गेला की आपल्या जुन्या हेडफोनमध्ये गाणारीचा आवाज जरा कोंडल्यासारखा येतो, हे एकदम लक्षात येतं.

वर्षभर तो आलेख वाचत होता. पाण्याच्या टँकरवर चर्चा करायला बोलावलेल्या सभेत त्यानं चेअरमनना मोबाइलवर एक वेडीवाकडी रेघ दाखवली आणि सांगितलं, की जुन्या मॉडेलात सहा हजार हर्ट्झच्या आसपास जो उंचवटा होता, तो नव्यात शोषक लावून बसवलाय. चेअरमनना उंचवटा म्हणजे गेटसमोरचा स्पीडब्रेकर वाटला. त्यांनी 'ठराव मांडा' म्हणून सांगितलं.

शेवटी सेनहायझरचा एचडी ८०० एस घरात आला. २००९ साली निघालेल्या एचडी ८००ची ही सुधारलेली आवृत्ती. आतला ५६ मिलिमीटरचा पडदा मधोमध मोकळा, कड्याच्या आकाराचा. तो कानासमोर सरळ नाही, किंचित पुढून तिरका बसवलेला, म्हणजे आवाज समोरून आल्याचा भास होतो. हे सगळं मला खोकं उघडायच्या आधीच पाठ झालं होतं. किंमत मात्र तो सांगत नाही. किंमत विचारली की ओहम सांगतो. त्याच्या आईंनी विचारलं, "कितीला पडलं रे?" तर म्हणाला, "तीनशे ओहम आहे." आईंना तीनशे तेवढं ऐकू आलं. "बरं मिळालं. स्टेशनाबाहेर दीडशेला देतात, पण ते टिकत नाही." त्यानं दुरुस्ती केली नाही. वहिनींनीही केली नाही. त्यांना खरा आकडा बँकेच्या मेसेजवरून कळला होता आणि त्या योग्य वेळेची वाट बघत होत्या.

तीनशे ओहमची गंमत अशी, की नुसत्या फोनच्या ताकदीवर हा हेडफोन मनासारखा वाजत नाही, त्याला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून अँप आला. अँपला फोनमधून येणारा माल हलका पडतो, म्हणून डॅक आला. दोघांना जोडायला वायर आली. तिच्याबद्दल बोलताना तो आवाज खाली आणतो, कारण वहिनी आतल्या खोलीत असतात.

पहिल्या दिवशी मी सहज विचारलं, "कसा वाटला?"

तो दचकलाच. "छे, अजून ऐकलाय कुठं? आधी शंभर तास मुरू दे."

मुरवायचं म्हणजे त्यातून पिंक नॉइज सोडायचा. ऐकायला तो नुसता शूऽऽ असा असतो. आणि हा हेडफोन ओपन-बॅक, म्हणजे पाठीमागून जाळीचा, जे कानात जातं ते खोलीतही जातं. कानसेनानं तो रात्रभर टेबलावर चालू ठेवला. रात्री दोनला आई उठल्या आणि बाथरूमचा नळ घट्ट बंद करून आल्या. मग स्वयंपाकघरातला. मग त्यांनी वॉचमनला फोन लावला, की टाकी भरून वाहतेय, पंप बंद कर. टँकरच्या दिवसांत टाकी भरून वाहते आहे या बातमीनं वॉचमन गच्चीवर पळत गेला.

मोजमापं घेणाऱ्यांना या मुरण्यात फारसं काही हाती लागलेलं नाही. मुरतो तो ऐकणाऱ्याचा कान, असं त्यांचं म्हणणं. कानसेनाला ते पटत नाही. पटलं असतं तर शंभर तास त्याला स्वतः बसावं लागलं असतं.

शंभर तास भरले आणि दर्शन खुलं झालं. हॉलमध्ये पंख्याखाली एक आरामखुर्ची आहे. पंखा बंद करतात. तुम्हाला खुर्चीत बसवतात, चष्मा काढायला लावतात, कारण चष्म्याच्या काडीनं कानावरची गादी उचलली जाते आणि फटीतून बेस गळतो. वहिनींच्या भिशीतल्या एका बाईंना त्यानं कुड्या काढायला सांगितल्या होत्या. त्या पुन्हा आलेल्या नाहीत. पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा करणं, डावा-उजवा तपासणं हे सगळं तो स्वतः करतो, तुमचा हात लागू देत नाही. तोंडानं प्रस्तावना चालू असते: १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉसनं पहिला स्टिरिओ हेडफोन काढला, मग १९६८ साली सेनहायझरनंच पहिला ओपन हेडफोन काढला, पिवळ्या फोमचा. तुम्हाला घाम फुटतो, पण पंख्याची घरघर गाण्यात नको असते. मग गाणं लागतं आणि आमटीत मीठ बरोबर पडलंय का बघणाऱ्या सुगरणीसारखा तो तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो.

पाहुण्याची पंचाईत इथून पुढं. चांगल्या आवाजाला चेहरा कसा करावा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. डोळे मिटले तर झोप लागल्यासारखं दिसतं. मान डोलावली तर हेडफोन घसरतो आणि त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. बहुतेक जण भुवया वर करतात. भुवया वर केल्या की लवकर सुटका होते असा सोसायटीचा अनुभव आहे. शिवाय तो गप्प राहत नाही. "आता डावीकडं झांज... आली? आता लांब, मागं, खुळखुळा. थांब, थांब, आता श्वास घेईल ती." पाठ जाळीची असल्यामुळं त्याचं बोलणं आत स्पष्ट येतं. आजवर त्या हेडफोनमधून ज्यांनी म्हणून संगीत ऐकलं, त्यांनी खरं तर कानसेनाचं धावतं समालोचन ऐकलेलं आहे.

आणि शेवटी तो प्रश्न. एसी दुरुस्त करायला आलेला पोरगा म्हणाला, "एकदम क्लिअर साहेब. ब्लूटूथ नाही का याला?" कुरिअरवाला म्हणाला, "सही करा." भाचा कानातल्या दोन हजारांच्या बोंडल्या काढून पाच मिनिटं बसला आणि म्हणाला, "मामा, बेस कमी आहे." त्या भाच्याला मुंजीत सोन्याची अंगठी घातली होती, हे कानसेनाला त्या रात्री आठवलं आणि वाईट वाटलं.

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला, तेव्हा एकट्यानंच ऐकत बसणं अकिओ मोरितांना शिष्टपणाचं वाटलं होतं. म्हणून त्या यंत्राला हेडफोनच्या दोन जोडण्या दिल्या आणि मध्येच एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटण. लोक मात्र खुशाल एकेकटे ऐकत सुटले. मोरितांना आमचा कानसेन भेटला असता तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता. याला एकट्यानं ऐकवतच नाही. दुसऱ्याच्या तोंडून 'हो, कळला' आल्याशिवाय, एवढे पैसे टाकून नेमका फरक पडला की नाही, हे त्याचं त्याला ठरवता येत नाही. हा माणूस पूर्वी लिफ्टमध्येसुद्धा बोलायचा नाही. आता बिल्डिंगमधल्या प्रत्येकाच्या डोक्याचं माप त्याला ठाऊक आहे.

तो ऐकवतो काय, हा वेगळा विषय. हा गडी रमणबागेतल्या सवाई गंधर्वात भारतीय बैठकीवर रात्री जागवून मोठा झाला. भीमसेनजींचं गाणं संपेपर्यंत याची पाठ भुईला लागायची नाही. आता त्याच्या हॉलमध्ये डायना क्रॉल असते, नोरा जोन्स असते आणि ईगल्सचं ते १९९४ सालचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', जे जगातल्या यच्चयावत कानसेनांनी त्यातल्या सुरुवातीच्या ढोलासाठी जपून ठेवलंय. मी एकदा विचारलं, "काय म्हणतोय रे तो?" तर म्हणाला, "गाण्याकडे लक्ष देऊ नकोस. रेकॉर्डिंग ऐक."

आईंनी गीतरामायण लावायला सांगितलं, तर म्हणाला, "ते नको, यात उघडं पडतं." मी हट्ट करून केसरबाई केरकरांची ती भैरवी लावायला लावली, १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेलेली. जुनं मोनो रेकॉर्डिंग, दोन्ही कानांत एकच आवाज, त्यामुळं केसरबाई बरोबर माझ्या कपाळाच्या मधोमध उभ्या राहून गायल्या. माझी काही तक्रार नव्हती. कानसेन मात्र रेकॉर्डिंगच्या वतीनं माझी माफी मागत होता: "स्टेज नाही रे यात. अजिबात स्टेज नाही." व्हॉयेजर-१ हे २०१२ पासून आंतरतारकीय अवकाशात आहे. एवढं मोठं स्टेज फार थोड्या कलावंतांना मिळालंय, पण त्याच्या हिशेबात ते धरत नाहीत.

हेडफोनच्या कागदावर लिहिलंय ४ ते ५१,००० हर्ट्झ. माणसाला धडधाकट तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकू येतं आणि पन्नाशीनंतर वरचं बरंचसं गळून जातं. म्हणजे वरच्या तीस हजारांची सोय बिल्डिंगमागच्या पिंपळावरच्या वटवाघळांसाठी आहे. हे मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "ऐकू येत नाही, पण जाणवतं." वहिनी आतून म्हणाल्या, "कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या जाणवत नाहीत."

२००७ साली मायर आणि मोरन या दोघांनी अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध केली होती. भारी दर्जाचं रेकॉर्डिंग आणि तेच साध्या सीडीच्या दर्जावर आणलेलं, असं डोळ्यांआड आलटून पालटून ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, उत्तर बरोबर आलं २७६ वेळा. छापा-काटा केला असता तरी तेवढंच आलं असतं. हे मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अँप कुठला होता त्यांचा?"

पावसाळ्यात त्याचे हाल होतात. गाद्यांना बुरशी धरेल या धास्तीनं तो घराघरांतून बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करतो. हेडफोन कपाटात, पुड्यांच्या गराड्यात. त्याच कपाटात आईंच्या पैठण्या होत्या. त्या आता दिवाणात गेल्या.

गेल्या रविवारी कोथरूडचे एक कानसेन आले होते. त्यांचा हेडफोन प्लेनर जातीचा, आतल्या चुंबकांमुळं अर्ध्या किलोच्या वर वजन, त्यामुळं ते मान जरा ताठ ठेवूनच चालतात. दोघांनी एकमेकांचे हेडफोन घातले आणि समोरासमोर बसले. लावली होती एक जुनी खासगी मैफल, कॅसेटवरून कॅसेटवर उतरत आलेली. गाणारा कोण ते डबीवर लिहिलेलं नव्हतं, आणि दोघांपैकी कुणाला ते विचारावंसंही वाटलं नाही. नव्या हेडफोनमधून त्यातली खरखर, विजेचा गुंईं आवाज, तबल्यावरचा हातोडा, कुणाचं तरी खोकणं, असं सगळं लख्ख ऐकू येत होतं.

"हे बघा, आता," आमचा म्हणाला. "कुणीतरी कप ठेवला. ऐकलंत?"

"ऐकलं. पण कप नाही, ग्लास आहे. स्टीलचा."

"कप आहे हो. मी दहा वेळा ऐकलाय."

"तुमच्यात तो कप येत असेल. माझ्यात ग्लास आहे."

मागं घेतलं. पुन्हा लावलं. हेडफोन बदलले, पुन्हा लावलं. आई दारात येऊन थांबल्या होत्या. जाळीतून गाणं हॉलभर सांडत होतं. त्या म्हणाल्या, "दुर्गा काय सुरेख गातोय रे! कोण आहे?"

"आई, एक मिनिट," कानसेन म्हणाला आणि आत जाऊन एक कपबशी आणि एक स्टीलचा ग्लास घेऊन आला. कोथरूडकरांनी डोळे मिटले. यानं कप टीपॉयवर ठेवला. मग ग्लास ठेवला. मग टीपॉयवर सतरंजी टाकून दोन्ही ठेवून पाहिले, कारण मैफल बैठकीची असणार. ग्लास रिकामा होता की पाण्यानं भरलेला, यावर मतभेद झाला, तेव्हा तो ग्लास भरायला पुन्हा आत गेला.

"चहाचा असेल तर?" कोथरूडकर मागून ओरडले.

"चहा टाकायला सांगतो," आतून उत्तर आलं.

वहिनींनी ठरवलं, योग्य वेळ आली आहे. त्या बँकेचा मेसेज उघडून हॉलमध्ये आल्या.