बाकीच्यांना आवडेपर्यंत

एखादं गाणं आपल्याला आवडलं, असं त्याच्यासमोर म्हणू नये. त्याला वाईट वाटतं. तुमच्याबद्दल नव्हे, गाण्याबद्दल. ‘म्हणजे तेही गेलं’ अशा चेहऱ्याने तो चहाचा कप खाली ठेवतो.

पुण्यात हा गृहस्थ कोथरूडपासून विमाननगरपर्यंत कुठेही भेटतो. वय पन्नाशीच्या अलीकडचं. काळा टी-शर्ट धुऊन धुऊन राखाडी झालेला, आणि त्यावर बँडचं नाव कुणालाही वाचता येणार नाही अशा अक्षरांत. कुणी ते वाचून दाखवलं, की टी-शर्ट फरशी पुसायला जातो.

नवं गाणं लावण्याआधी तो स्पॉटिफायवर श्रोत्यांचा आकडा बघतो. महिन्याला चारशे असतील तर डोळे मिटून ऐकतो. चाळीस हजार झाले की ‘रेकॉर्डिंग जरा जास्तच स्वच्छ वाटतंय’. चार लाखांपुढे त्याला ऐकूच येत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला आहे : बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टी नाही. आमच्या गृहस्थाची रसिकता नेमकी या हजाराच्या आत नांदते.

त्याचं दैवत निर्वाणा हा रॉक बँड. पण सगळा नव्हे, १९८९ सालचा, ‘ब्लीच’वाला. सिॲटलच्या ‘सब पॉप’ या छोट्या कंपनीने काढलेला अल्बम, रेकॉर्डिंगचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. सतरा सेंट म्हणताना त्याचा आवाज कातर होतो. (१९८९ साली हा शनिवार पेठेत सातवीत होता. तो अल्बम तेव्हा तिथे पोचला कसा, हे विचारायचं नसतं.) पुढे बँड गेफिनसारख्या बड्या कंपनीकडे गेला, १९९१ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं. जग नाचलं. हा म्हणतो, ‘तिथेच संपलं.’

गंमत म्हणजे बँडचा गायक कर्ट कोबेन यालाही हे यश सलत होतंच. ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर तो आला तो बड्या कंपन्यांच्या मासिकांना नावं ठेवणारा टी-शर्ट घालून. आला मात्र. पुढचा अल्बम खरबरीत व्हावा म्हणून रेकॉर्डिंगला स्टीव्ह अल्बिनीला बोलावलं. त्याने तर रॉयल्टीच नाकारली. प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या, म्हणाला. एवढं करून १९९३ चा ‘इन युटेरो’ पुन्हा थेट पहिल्या क्रमांकावर! माणसाने पळून पळून जायचं तरी कुठे?

‘म्हणून तर मी ब्लीचवर थांबलो,’ हा म्हणतो.

दुखणं घराण्यातलंच आहे. वडिलांच्या मते सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत होता तोवरच सवाई. आजोबांच्या मते १९५३ चा पहिला तेवढा खरा, पुढे गर्दी वाढली.

गायक प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ याने फार पूर्वी, म्हणजे तुमच्याआधी, ऐकलं होतं. २०१९ च्या अखेरीला बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते झळकलं, तेव्हा घरात सुतक पडलं. ओबामांविषयी तोवर त्याचं मत बरं होतं. ‘वीकेंडर’ या संगीत महोत्सवाला मात्र हा २०१० पासून, म्हणजे महोत्सव पुण्यात सुरू झाला तेव्हापासून, न चुकता गेला. मुख्य स्टेजकडे पाठ करून. सगळ्यांत लहान स्टेजपुढे उभा राहून साउंड चेक ऐकायचा आणि कार्यक्रम सुरू झाला की निघायचा. ‘आता लोक येतील.’

मध्यंतरी त्याला बाणेरच्या एका कॅफेत चार पोरांचा बँड सापडला. समोर सहा माणसं, त्यांतली चार शेजारच्या टेबलावरच्या वाढदिवसाची. मानधन म्हणून पिझ्झा. हा दर शनिवारी हजर. पोरं खरंच बरी वाजवायची, हेही सांगायला हवं; त्याचा कान वाईट नाही, तेच तर दुःख आहे. ड्रमवाल्याने एकदा भीत भीत विचारलं, ‘काका, तुमच्या स्टोरीवर टाकाल का एकदा? तुम्हाला मानतात लोक.’

‘तुमच्या भल्यासाठीच टाकत नाही रे,’ काका म्हणाले. दुसऱ्या एकाने ‘निदान एक सीडी तरी घ्या’ म्हटलं, तर म्हणाले, ‘मला पाठ आहे सगळं.’

दीड वर्षात बँड मोडला. ड्रमवाला हिंजवडीला लागला. परवा लक्ष्मी रोडवर दोघं समोरासमोर आले, तर काकांनी भर रस्त्यात त्याला मिठी मारली. डोळ्यांत पाणी.

‘शेवटपर्यंत स्वतःला विकलं नाहीत रे! फार थोडे असतात असे.’

‘विकायला तयार होतो, काका,’ पोरगा म्हणाला. ‘कुणी भावच विचारला नाही.’